उत्तरेची भिंत

तौसीफ म्हणाला, काका, कार्ड घ्याल हो,
पण तुमचं कॅबिनेट दोन बोटं आखूड पडतंय.
आणि कोंबून बसवलं तरी
साडेचारशे वॉटच्या सप्लायवर ते उपाशी मरेल.
सप्लाय बदलला तर प्रोसेसर मागे रेंगाळणार,
प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड,
बोर्ड बदलला की जुनी रॅम त्यात शिरत नाही.
मी पावतीच्या पाठीवर मांडत गेलो.
नाकापेक्षा मोती जड, इतपत मला कळतं;
इथे मोत्यासाठी
डोकंच नवं घ्यायचं होतं.

बावीस वर्षं भोसरीला स्टोअर सांभाळतोय.
एक बेअरिंग गेलं म्हणून कुणी लेथ फेकत नाही,
हे ऋजुताला दुकानाचा जिना चढतानाच सांगितलं.
तिनं मान हलवली,
ऐकत नसताना हलवते तशी.

मशीन ती सहावीत असताना जोडलेलं.
ह्याच तपकीर गल्लीत, दोन दुकानं सोडून;
आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात.
दर दिवाळीला त्याच्या पोटात काहीतरी घातलंय मी.
एकदा रॅमची पट्टी, एकदा हार्ड डिस्क,
बोनस बुडाला त्या वर्षी नुसता पंखा.

तयार मशीन काचेमागे उभं होतं,
निळ्या-जांभळ्या दिव्यांनी
लग्नाच्या हॉलसारखं पेटलेलं.
एक लाख अठरा हजार.
चष्म्याचे वेगळे.

बघा तरी, तौसीफ म्हणाला,
आणि ऋजुतानं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.
म्हणजे ठरवून आली होती.
माझा चष्मा तिनं हातात धरला,
तो दुसरा, जड, माझ्या डोक्याला आवळला,
आणि बाहेरच्या टेम्पोचा हॉर्न ऐकत
मी धायरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो.

ओटा तोच. कोपऱ्याचा टवका उडालेला,
तिनं तोही तसाच काढलेला.
फिल्टरखाली पातेलं.
कॅलेंडर, पण त्यावर तारखा नाहीत.
आणि उत्तरेच्या भिंतीत,
जिथे चार फुटांवर शेजारची इमारत आहे,
जिथे शैला भरदुपारी ट्यूब लावून पोळ्या लाटते,
तिथे खिडकी.
साधीच, दोन झडपांची.
ऊन ओट्यावर तिरकं आलेलं.
उत्तरेकडून असं ऊन येत नाही,
हे तिला माहीत असणार, तिचं शिक्षणच ते.
बाहेर नुसतं पांढुरकं.
बाहेरचं अजून केलं नाहीये बाबा, कुठूनतरी आवाज आला.

मी कोपर टेकायला गेलो.

तौसीफनं दंड धरला म्हणून,
नाहीतर काउंटरवरच्या सगळ्या माउसवर आडवा झालो असतो.
हसलं कुणी नाही.
मी डोळे पुसले; घाम होता,
आत फार उकडतं.

शेवटी एक एसएसडी घेतली, सतराशे पन्नासला.
तेवढ्यानं जुनं मशीन चहा उकळायच्या आत जागं होईल.
खिडकी काही उघडायची नाही त्याच्यानं.
हप्त्यांचा कागदही घेतला,
घडी घालून हेल्मेटच्या अस्तरात खोचला.
वडगावच्या पुलापर्यंत
मागे बसून ऋजुता एक अक्षर बोलली नाही,
मग म्हणाली, बाबा, तुम्ही टेकायला गेलात.
हो म्हणालो. सिग्नल सुटला.

रात्री कॅबिनेट उघडलं.
स्क्रू वाटीत, धूळ जुन्या ब्रशनं.
शैलानं विचारलं, मग काय ठरलं?
मी स्क्रू ड्रायव्हर भिंतीकडे केला.
तिथे, म्हटलं.
तिथे काय?
जरा ट्यूब बंद कर.

तिनं केली.
गॅसच्या निळ्या उजेडात
हातात उलथनं तसंच धरून
ती भिंतीकडे बघत राहिली,
तव्यावरची पोळी करपेपर्यंत.