पेरभर

रात्री अडीचला आवाज सुरू होतो.
उंदीर नव्हे, एसीही नव्हे.
पायमोजा चढवलेली मूठ
आधी उशीच्या अभ्र्यावर, मग गुडघ्यामागच्या खळीत,
खस् खस्, खस् खस्,
मध्ये दम घेत,
शेजारच्या घरात कुणी खोबरं किसावं तशी.

शाल्मली. अडीच वर्षांची.
नाव मी ठेवलं.
घाटातली काटेसावर आठवली होती,
माघात एक पान नसताना लालेलाल.
खोडावरचे काटे तेव्हा डोक्यात नव्हते.
वृषाली एकदाच बोलली त्यावर,
तेही रक्ताचे ठिपके चोळताना, पाठमोरी.

इथे बरकाला मी समुद्रातलं मीठ काढतो.
म्हणजे कंपनी काढते, मी आकडे बघतो:
दाब, क्षार, पडद्यांचं आयुष्य.
बारा तासांच्या पाळीत किती टाक्या गोड होतात,
आणि तेच पाणी घरच्या नळातून येऊन
हिच्या अंगाला मिरचीसारखं झोंबतं.
"बाबाचं पाणी नको," म्हणते.
तिला कसं सांगू, शुद्ध आहे गं,
मीच मोजलंय.

आंघोळ पाच मिनिटं. साबण नाही.
पुसायचं नाही, टिपायचं.
मग मलम. "पेरभर," असं डॉक्टर हुदानं
स्वतःच्या बोटावर दाखवलेलं,
खार्तूमच्या त्या बाईचं सिनेमे बघून शिकलेलं हिंदी:
"इतना. डरना नहीं."
आम्ही घाबरलो. स्टेरॉइड या शब्दालाच घाबरलो,
दोन महिने अर्धंच पेर लावत राहिलो
आणि इसब हसत राहिलं
कोपरातून, मानेतून, पापण्यांवरून.

चिपळूणहून फोन येतात.
कडुलिंब उकळा. दृष्ट काढा. अंडं बंद. दूध बंद.
एसी बंद, असंही एक जण म्हणाले,
जूनमध्ये.
लिफ्टमधली बाई मुलाला मागे ओढते.
हा आजार लागत नाही,
अरबीत एवढं एकच वाक्य मला अस्खलित येतं.

धुळीचं वारं सुटलं की
खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल,
हिच्या अंगावर ओले कपडे, त्यावर कोरडे,
सगळं घरच पट्टीत बांधलेलं.

आईबापांसाठी कातडीचे जोडे शिवले
तरी ऋण फिटत नाही म्हणतात.
पोरी, तू नको शिवूस.
तुलाच आधी पुरत नाही.
माझं मापाला लागलं तर
पाठीवरचं घे, मांडीवरचं घे,
रापलंय, पण टिकाऊ आहे.

हे मनात. तोंडाने नुसतं "खाजवू नको",
दिवसातून साठ वेळा,
आणि एका मंगळवारी ओरडलो.
तिनं हात पाठीमागे लपवले
चोरीचा माल असल्यासारखे.
तेव्हापासून ते दोन शब्द घरात बंद.
आता म्हणतो, "दाब."
ती तळवा दाबून धरते, दहा मोजते.
सात तिला येत नाही. सहानंतर आठ.

पूर्ण पेर लावायला लागून काल आठवा दिवस.
काल अडीच वाजले
आणि आवाज आला नाही.
वृषाली आधी उठून बसली. मग मी.
तिच्या नाकाशी बोट नेलं.
श्वास होता.
उजव्या हाताचा मोजा गळून पडलेला,
उघडी बोटं चादरीवर, नुसती.
कोपराची खळी खरखरीत, पण कोरडी.

आम्ही बोललो नाही. बोललं की मोडतं.
तीन वाजले. सव्वातीन.
आणि खस् खस्, खस् खस्.
शाल्मली हललीही नव्हती.
वृषालीनं अंधारात चाचपत
माझं मनगट धरलं,
हळूच म्हणाली,
"दाब."