पातळ रंग

निपाणीत मगदूम डॉक्टरांचा बोर्ड मीच रंगवला.
वर कन्नड, मोठं. खाली मराठी, नियमाला धरून बारीक.
जुनाट खोकला, मूळव्याध, संधिवात.
शेवटच्या ओळीशी ते थांबले. म्हणाले,
'लगमाण्णा, पुरुषांचे विकार, एवढंच लिही.
लोकांना कळतंय की.'
मला कळायला एकवीस वर्षं गेली.

आता रात्रीतनं पाचदा उठतो.
न्हाणीत उभा, एक हात भिंतीला.
तंबाखूच्या वखारीवर फूटपट्टीशिवाय
वीस फुटांची रेघ एका दमात ओढणारा मी.
माझी धार तुटते, थेंबावर येते,
ब्रश पुन्हा डब्यात बुडवायला गेल्यासारखी थांबते.
हौसाक्का आतनं विचारते, 'झालं काय?'
मी नळ सोडतो.
निदान त्याचं तरी सलग ऐकू जाऊ दे.

दवाखान्यात बाकावर आम्ही चौघं.
हुक्केरीकडचा एकजण हळूच वाकतो, 'एष्ट सल?'
मी पाच बोटं दाखवतो. तो सहा काढतो
आणि उगाच जिंकल्यासारखा हसतो.
मोर्चात आम्ही समोरासमोर आलो असू, कोण जाणे.
या दुखण्याला शब्द असला तर पुस्तकात असेल.
दोन्ही भाषांतले म्हातारे 'खालचं' म्हणतात
आणि वर पंख्याकडे बघतात.

डॉक्टर विचारतात,
कुठल्या कुशीवर झोपता? खारट आवडतं?
ढग वाजले की छातीत काय होतं?
कुणाचं काही मनात राहिलंय?
सदुसष्ट वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं.
म्हणून सांगितलं:
आंदोलनाच्या साली रातोरात कुणीतरी
माझ्या बोर्डांना डांबर फासलं.
आधी एका भाषेला, आठवड्यानं दुसऱ्या.
अक्षरं दोन्हीकडची माझीच होती.
ते त्यांनी लिहून घेतलं, वहीत, पेशंटच्या लक्षणांखाली.

मग गोळ्या. साबुदाण्याएवढ्या, गोड.
'एक थेंब शंभरात, त्यातला एक पुन्हा शंभरात,
असं तीस वेळा. जितकं पातळ, तितका जोर.'
मी म्हटलं, डॉक्टर, जन्मभर टर्पेंटाईन ओतलंय.
पातळ रंग झाकत नाही. खालचं दिसतं.
ते हसले. 'खालचं दिसावं म्हणूनच तर.'

कांदा बंद, कापूर बंद, उग्र वास अजिबात नको.
निपाणीत!
जिथं हंगामात पोस्टाचं पाकीट फोडलं तरी शिंक येते.

पाचाचे चार झाले, चाराचे सहा.
एका रात्री काहीच नाही. पहाटेपर्यंत नुसता उभा.

सकाळी त्यांच्यासमोर बसलो.
प्रश्न अर्ध्यावर टाकून तेच उठले, 'आलोच.'
आतनं नळाचा आवाज आला.
बराच वेळ आला.
हात पुसत परतले ते माझ्याकडे न बघता.
ड्रॉवरमधनं बेळगावच्या सर्जनच्या नावाची चिठ्ठी काढली.
एक माझ्यासाठी. दुसरी आधीच लिहिलेली होती.
'गोळीनं झोप बरी लागते, लगमाण्णा.
गाठ ती गाठच. रक्त तपासून घेऊ.
शुक्रवारी सातची गाडी.'

संकेश्वरला बस दहा मिनिटं थांबते.
आम्ही दोघं स्टँडच्या मुतारीत, शेजारी शेजारी,
भिंतीकडे तोंड करून, वाट बघत.
समोर पोपडे धरलेली, पण अजून वाचता येणारी अक्षरं,
वर कन्नड, खाली मराठी:
येथे जास्त वेळ थांबू नये.
काना बघितला, वेलांटी बघितली.
हात माझाच. तिशीतला असेन तेव्हा.

बाहेर कंडक्टर शिट्टी फुंकतो.
डॉक्टर ओरडतात, कन्नडात,
मी मराठीत, त्यांच्या पाठोपाठ,
थांब की वो जरा,
दोघं आहोत.