पहिलं पाऊल डावीकडे

मानकापूरचं मैदान सकाळी सहाला आमचं नसतंच.
आधी चालणारे काका, मग क्रिकेट,
मग पोलीस भरतीची पोरं, छातीवर आकडे टाचून.
उरलेल्या कोपऱ्यात आम्ही चौदा जणी, सहा हेल्मेटं
आणि एक लांबुडका चेंडू.
पानठेल्यावरचा धनराज त्याला अजून नारळच म्हणतो.

मी चुन्याची रेघ ओढते. सांगते,
आजचा डाव हुलीचा.
ओळ डावीकडे ढकलेल,
पल्लवी, तू गार्ड, तू एकटी उलटी फिरशील,
ओळीच्या मागून उजवीकडे धावशील
आणि टोकावर जी उभी असेल तिला बाहेर काढशील.
मोनाली, तू पहिलं पाऊल डावीकडे टाकायचं.
एकच. मग पल्लवीच्या पाठीला पाठ न सोडता
उजवीकडे.

मोनाली उईके पाऊल टाकते डावीकडे.
नाक मात्र उजवीकडे,
खांदे उजवीकडे,
डोळे तर तिथे जाऊन परतही आलेले.
सबा तिला दर वेळी झेलते, मातीत बसवते, हसते,
"ही तं सांगूनच येते न मॅडम!"

मी खो-खोची.
खुंटाजवळची वळणं अजून माझ्या गुडघ्यात आहेत,
गंजलेली, पावसाळ्यात कुरकुरणारी.
मी म्हणते, हूल म्हणजे अर्धं पाऊल नाही गं.
पूर्ण पाऊल.
डावीकडेच चाललोय असं तुझ्या टाचेलाही वाटलं पाहिजे.
परत फिरायचं ते तिला मागाहून कळू दे.

नवतपा लागला. सातलाच ऊन हेल्मेटात शिरू लागलं.
तर्री पोह्याच्या गाडीवर मी ताटलीत डाव मांडला:
पाच चणे ओळीत, टमाट्याची फोड म्हणजे पल्लवी,
मोनाली म्हणजे शेवेची काडी.
"आणि ही टोकावरची?" पल्लवीने विचारलं,
तो चणा चमच्याने उचलला
आणि खाऊन टाकला.
तिला डाव कळला होता.
शेव तर्रीत मऊ पडत गेली.

मग एका रात्री मोनालीच्या आईचा फोन.
"मॅडम, टायपिंगनं गुडघे फुटते का?"

कूलरचा आवाज मधे.
मी एक मोजला.
सहा महिने ही पोरगी गोधनीच्या गल्लीतून
क्लासच्या दिशेने निघते,
आई गच्चीवर कपडे वाळत घालते तोवर डावीकडेच,
नाक डावीकडे, खांदे डावीकडे, वहीची पिशवीसुद्धा,
आणि पाण्याच्या टाकीशी
वळते.

म्हणजे येत होतं तिला.

हूल शिकवणाऱ्या बाईने काय बोलावं?
मी सरळ सांगितलं. टायपिंग नाही, ताई.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग नुसतं, "बरं."

चार दिवस मोनाली आली नाही.
तिच्या जागी उभी केलेली जागृती दोनदा पल्लवीवरच आदळली.
पाचव्या दिवशी आली, मागे आई,
पदराने घाम पुसत, क्रिकेटवाल्यांच्या रोलरवर बसली,
मांडीवर पाण्याची बाटली, माझ्याकडे न बघता.

लांब कोराडीच्या चिमण्यांचा धूर
एका बाजूला कललेला.
मी शिट्टी तोंडात धरली, वाजवायला उशीर केला.

चेंडू निघाला.
मोनालीने डावीकडे पाऊल टाकलं.
ओळ तिकडे, सबा तिकडे, मीसुद्धा जराशी तिकडे,
आणि रोलरवरून उठून आई ओरडली,
"अगे, तिकडं कुठं चालली व?"

बाटली घरंगळली.
आई अजून डावीकडेच बघत होती.

उजवीकडे धूळ उडाली होती, मोठी.
तिच्याखाली पल्लवी, टोकावरच्या पोरीला कवटाळून,
तोंडात माती,
मान वर न करता विचारत होती,
"गेली का? मॅडम, गेली का ते तं सांगा!"