सीतेची वेणी

कोलशेतला रस्ता रुंद झाला, ऐन पडला.
आडव्या फांदीवर ती तशीच:
जाड पानं, पांढरी मुळं लोंबती.
'बांडगूळ आहे, टाका,' सेक्रेटरी म्हणाले.

जिना झाडणारी बुधी दुमाडा, येऊरची, थांबली.
'बांडगूळ नाय. सीतेची वेणी ही.
झाडाचं काय खात नाय,
बसाया खांदा लागतो, येवढंच.'

परकराच्या जुन्या नाडीनं
तिला पार्किंगमधल्या आंब्याला आवळून बांधलं.

मग दोन वर्षं काही नाही.
मी दोनदा करार वाढवला, अकरा-अकरा महिन्यांचा.
बुधीच्या जागी कंत्राटदारानं दुसरी पाठवली.

या जेठात स्कूटर काढताना
हेल्मेटला काहीतरी घासलं.
हातभर घोस, जांभळ्या ठिपक्यांचा.

नाडी शोधली.
कुजून कधीच गळाली होती.