चौपन्न लिटर

तळघराच्या सात पायऱ्या. सातवी निसटती.
आगाफिया मोबाईलचा उजेड धरून उतरते,
आधी नाक पुढे करते, मग पाऊल.

उद्या द्राक्षं खुडायची. आज भांडं ठरवायचं.

ओकचं पिंप कोपऱ्यात, दोनशे लिटरचं,
सासऱ्यांनी जोडलेलं. इलारिओन दर वसंतात ते धुवायचा,
गंधकाची वात आत जाळायचा, बूच ठोकायचा.
यंदा वात पेटली नाही. मार्चमध्ये तोच गेला,
आणि दफनाच्या आठवड्यात
रिकामं पिंप कोणाच्या लक्षात राहतं?
फळ्या सुकून आक्रसल्यात, लोखंडी पट्ट्या
आजाऱ्याच्या पायजम्यासारख्या कमरेखाली घसरल्यात.
ती बूच काढते. हुंगते.
आंबट. नुसतं आंबट नाही, डोळ्यांत जाणारं.
घासा, उकळतं पाणी ओता, सोडा घाला,
लाकूड एकदा हे शिकलं की विसरत नाही.

हारालांपिए कुंपणावरून निळं प्लास्टिकचं पिंप पुढे करतो.
"सफरचंदाचा रस होता यात. देवाशप्पथ."
ती खांद्यापर्यंत आत वाकते
आणि आतूनच बोलते, आवाज घुमतो:
"तुझ्या सफरचंदांना शेपू लागला होता का रे? आणि लसूण?"
काकड्या. तीन हिवाळे नुसत्या काकड्या.
प्लास्टिक तोंडाने कबूल करत नाही,
पोटात मात्र सगळं ठेवतं.

ॲल्युमिनियमचं पातेलं नको, रस त्याला खातो.
तांब्याचं नको.
इनॅमलचा टोप चालला असता,
पण बुडाशी नखाएवढा टवका उडालाय,
आणि तेवढं लोखंड पुरतं:
खिळा चोखल्यासारखी चव येते.

लेनुत्सा पादोवाहून फोन करते,
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना झोपवून, रात्री दहानंतर.
"आई, स्टीलची टाकी घे. शंभर लिटरची. पैसे पाठवते."
"शंभरात भरू काय? तुझे पैसे?"
भांड्यावरून भांडण नको म्हणून मग हिशोब सांगते.
दोनच ओळी नीट आल्यात. बाकीच्या छाटायला
हात नव्हते. चाळीस लिटर रस, फार तर बेचाळीस.
पलीकडे कोणीतरी घंटी वाजवतं.
"आले, आले," लेनुत्सा इटालियनमध्ये म्हणते,
आणि फोन तसाच चालू राहतो.

बटाट्यांच्या पोत्यांमागे ती आहे.
वेताच्या टोपलीतली काचेची बरणी, गळा अरुंद, पोट घागरीसारखं.
चार वर्षांपूर्वी लेनुत्सानेच मिनीबसमधून पाठवलेली,
कुणा मेलेल्या बाईच्या नाइटगाउनात गुंडाळून,
तीन सीमा ओलांडून, एकही चरा न पडता.
इलारिओन हसला होता. "काच औषधवाल्यांना."
आणि तिच्यावर पोती रचली होती.

चौपन्न लिटर. बेचाळीस ओतले की वर बारा मोकळे.
तेवढे हवेतच. रस फसफसतो तेव्हा त्याला
चिडायला जागा लागते, नाहीतर उतू जातो.
नंतर मात्र उलटं. एकदा निवला
की वरची रिकामी जागाच त्याला बिघडवते.
तेव्हा तीन-तीन लिटरच्या बरण्या घ्यायच्या
आणि गळ्यापर्यंत भरायच्या, बोटभरही हवा ठेवायची नाही.
हे इलारिओनचं. बाकी त्याने
सांगण्यासारखं फारसं काही सांगितलं नाही.

ती काच तीनदा धुते. चौथ्यांदा, उगाच.
उजेड लागू नये म्हणून भोवती
तोच नाइटगाउन बांधते, बाह्यांची गाठ मारून.
ओकच्या पिंपात गेल्या सालची उरलेली वाईन ओतते.
व्हायचंच आहे तर नीट व्हिनेगर हो, म्हणते.
फळ्यांमधून ते टिपटिप गळतं. ती खाली परात सरकवते.

पाचव्या रात्री रबरी नळी पाण्याच्या ग्लासात बोलू लागते.
बुडुक.
बराच वेळ काही नाही.
बुडुक.
"आई, काय वाजतंय?"
आगाफिया फोन ग्लासाजवळ धरते
आणि पायरीवर बसते. सहाव्या. सातवी निसटती आहे.