ऱ्हाऊ द्या

उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीनची धूळ
आधी मोबाइलच्या काचेवर बसते, मग माणसं बसतात.
रेवणसिद्धचा अंगठा त्या धुळीवरून घसरला
आणि शेषाबाईंची बेचाळीस पोती
पुसली गेली.
ॲपनं काहीच विचारलं नाही.
ॲप मी लिहिलं होतं.

शेषाबाई ओरडल्या नाहीत.
काट्याच्या चिठ्ठ्या सापडेस्तोवर
रिकाम्या बारदान्यावर बसून राहिल्या.
मधेच एकदा म्हणाल्या,
"पोरी, तुझ्या यंत्राला तोंड नाही का?"

त्या रात्री टायरच्या दुकानावरच्या खोलीत
मी त्याला तोंड दिलं.

पहिलं वाक्य: आपणांस खात्री आहे काय?
खलीलभाईंनी पाठीवरचं पोतं न उतरवताच वाचलं.
"ही कोण इचारलालीय? तहसीलातली बाई?"

दुसरं: ही कृती रद्द करता येणार नाही.
यावर कुणीच हसलं नाही.
सगळ्यांनी आपापले फोन
गुपचूप रेवणच्या हातात दिले.

मग मुनीम वैजनाथप्पांनी वही उघडली.
चुकलेल्या आकड्यावर एकच बारीक तिरपी रेघ,
खालचा आकडा अजून वाचता येत होता.
"खोडावं," म्हणाले, "मिटवू नये.
उद्या कुणी विचारलं, काय चुकलं होतं, तर?"

तिसरं वाक्य मी बोलल्यासारखं लिहिलं:
शेषाबाई. बेचाळीस पोती. पुसायची का?
खाली दोन बटणं.
एक "पुसा", लहान, कोपऱ्यात.
आणि अंगठा आपसूक जाईल तिथं, मोठं,
"ऱ्हाऊ द्या".

मग मला विचारायची चटकच लागली.
भाव बदलायचा का? पावती बघायची का?
बाहेर पडायचं का? खरंच पडायचं का?
आठवड्याभरात अख्खा मोंढा
माशा हाकलल्यासारखा हो हो हो करत पुढं सरकू लागला.
रेवण तर चौकट जिथं उमटणार
तिथं आधीच बोट टेकवून बसायचा.
खलीलभाई म्हणाले,
"निकाहात तीनदा इचारतेत, बेटा.
वलीम्यात घासाघासाला नाही इचारत."

सोळा चौकटी काढल्या.
दोन ठेवल्या: पुसताना, आणि पैसे पाठवताना.
सौदा पुकारणारा "दोन"नंतर
"तीन" म्हणायच्या आधी जेवढा थांबतो,
तेवढाच वेळ मागितला लोकांकडं.

महिनाअखेर नोंदी उघडल्या.
एकोणीस वेळा कुणीतरी पुसायला आलं होतं
आणि ऱ्हाऊ द्या म्हणून परत फिरलं होतं.
कोण, ते बघता आलं असतं. बघितलं नाही.
त्यातली एक नोंद रात्री एक वाजून दहा मिनिटांची.
मोंढा तर दिवेलागणीलाच बंद होतो.

हैदराबादच्या कंपनीला मी होकार पाठवला
तेव्हा मेलनं काही विचारलं नाही.
गेला.
खालच्या दुकानात कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा कुठनं येतो ते शोधत होतं.

शेवटच्या दिवशी पेढीच्या उंबऱ्याशी
चप्पल घालत म्हणाले, "जाते."
वैजनाथप्पांनी चष्म्यावरून बघितलं.
बघतच राहिले, पेन हवेत तसाच.

"येते," म्हणाले मी.

मग त्यांनी मान खाली घातली
आणि हातचा एक धरून
बेरीज पुढं चालू केली.