मानशीवरचा दिवा

रुझारने जुनी बॅटरी होडीतून उतरवली तेव्हा
तिच्या कुशी फुगलेल्या,
झाकणांभोवती पांढरा क्षार,
आणि वास सडक्या अंड्यांचा.
"नवीच होती, मेस्ता. शिगम्याला घेतलेली."
मध्ये काय जोडलं होतंस?
"मध्ये कित्याक? वर पत्रा, खाली बॅटरी.
ऊन फुकटचं. पिऊ दे म्हटलं पोटभर."

प्यायली ती.
मे महिन्यात चोडणच्या बांधावर
ऊन नऊलाच बसकण मारतं, सहापर्यंत उठत नाही.
पोट भरल्यावरही ते येतच राहिलं.
आतलं पाणी बुडबुड्यांनी उडून गेलं,
पट्ट्या उघड्या पडल्या
सुकतीला उघड्या पडतात तशी कालवं.

मी पिशवीतून डबी काढली.
तळव्याएवढी. सहा स्क्रू, तीन बारके दिवे, अकराशे रुपये.
आधी बॅटरीच्या तारा, मागाहून पत्र्याच्या,
हा क्रम चुकवू नकोस:
घर कुणाचं ते आधी कळू दे तिला,
मग पाहुणा दाखव.

रिकामी असली बॅटरी, तर ही काही अडवत नाही.
दार सताड.
चौदा पॉइंट चारला काटा पोचला की
उघडझाप सुरू, सेकंदाला शेकडो वेळा,
डोळ्याला काही दिसत नाही,
फक्त मिटलेला वेळ वाढत जातो
आणि उघडा आटत जातो.
मग तेरा पॉइंट सहा.
तिथे नुसतं थेंब थेंब,
आतून झिजेल तेवढंच भरायचं.
आणि रात्री पत्रा आंधळा होतो तेव्हा
साठवलेलं उलटं त्याच्याकडे चालू लागतं.
ती वाट बंद.

रुझार जाळ्याची गाठ दातांत धरून ऐकत होता.
गाठ सोडली, आणि खाली बोट दाखवलं.
भरती चढत होती.
मांडवीने बाहेरून खांदा लावला,
माट्टीची जाड दारं
कुणी हात न लावता चौकटीला टेकली.
आत जमीन, पुढच्या कोरगुटासाठी
मिठापासून राखलेली.
"बापायने वर्षभर मला दुसरं काही शिकवलं नाही,"
तो म्हणाला,
"कुठल्या पाण्याला किती फळ्या, तेवढंच.
तुझ्या डबीला कोणी शिकवलं?"

डबी त्याने खोपीत टांगली, सावलीत,
खुरसाच्या खाली, घड्याळाच्या शेजारी.
उन्हात तापली की तिचा अंदाज चुकतो,
हे मी तीनदा सांगितलं होतं.

नोव्हेंबरची अमावास्या. चार दिवस मळभ.
रात्री अडीचला फोन:
"मेस्ता, दिवो गेलो.
सुकती लागली, सुंगटां आत्तां येतात,
आणि तुझी डबी तांबडा डोळा दाखवते."

अकरा पॉइंट एक, मी म्हणालो.
त्याच्या खाली गेली तर बॅटरी मरते.
डबीने वाचवली तिला.

पलीकडे पाण्याचा आवाज,
मानशीतून जोरात बाहेर पडणारं पाणी.
"बॅटरी वाचली. आणि मी?"

माहितीपुस्तिका सोळा पानांची आहे.
त्यात हा प्रश्न नाही.

फेरी बंद होती. रायबंदरच्या धक्क्यावर
मी उगाच जाऊन उभा राहिलो.
एरवी इथून त्याचा ठिपका दिसतो, पांढरा, निश्चल.
त्या रात्री बराच वेळ काहीच नाही,
मग एक पिवळं, हलतं काहीतरी,
कंदील असावा, खाली वाकलेला,
जाळ्याच्या तोंडाशी.

सकाळी दुकान उघडायच्या आत रुझार पायरीवर.
पिशवीत सुंगटं, रोजच्या निम्मी,
अर्धी त्याने माझ्यासाठी आणलेली.
डबीबद्दल अवाक्षर नाही.
काचेखालचे बल्ब बघत राहिला.

"नऊ वॅटचा काढ. तीनचा दे."

अंधुक पडेल, म्हटलं.

"पडू दे. सुंगटांना कुठे पेपर वाचायचा असतो?"